गोंडपिपरीला बस दहा मिनिटं थांबते

मला याद्या करायची सवय आहे. किराण्याची यादी फ्रीजवर, कामाची पर्समध्ये आणि वर्षभराच्या तारखा एका लांब वहीत. हे लिहायला बसले तेव्हाही आधी यादीच केली. तपासणी, सोनोग्राफी, ऑपरेशन, रिपोर्ट. यादी नीट झाली, पण ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले होते तीच तिच्यात नव्हती. मला माझ्या सख्ख्या बहिणीला एक वाक्य सांगायचं होतं. डॉक्टरांनी "आज सांगा" म्हटलं होतं. मी पाच महिने लावले.

अंडाशयाच्या कॅन्सरमधून मी वाचले आहे. वाचलेल्या बाईने धीराच्या गोष्टी सांगाव्यात अशी अपेक्षा असते. त्या जमतील तेवढ्या सांगेन. पण माझ्या वाट्याला धीरापेक्षा लाज जास्त आली आहे, आणि ती आजाराची नाही.

सगळीकडे "नाही"

मी गटप्रवर्तक आहे. आलापल्लीच्या आसपासच्या गावांतल्या वीसेक आशाताई घरोघर फिरतात आणि मी त्यांच्या नोंदी तपासते. तीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसाचा एक फॉर्म भरायचा असतो. बायांसाठी त्यात वेगळे प्रश्न असतात. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त गेलं का, अंगावरून जातं का, छातीत गाठ आहे का. शेवटी एक प्रश्न सगळ्यांना असतो: घरात कोणाला कॅन्सर होता का?

नवीन आशांना मी शिकवते की प्रश्न विचारताना पेन खाली ठेवायचा आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं. उत्तर फार लवकर आलं तर प्रश्न पुन्हा विचारायचा, कारण लवकर आलेलं उत्तर पाठ केलेलं असतं.

माझं घर जैनीच्या भागात येतं. जैनी माडिया आदिवासी, माहेर भामरागडकडचं, लग्न होऊन इथे आलेली. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आणि कामाला पक्की. माझा फॉर्म खरं तर तिने भरायचा. पण दरवर्षी मीच तिला सांगायचे की माझा राहू दे, मी भरून आणते. चहा गॅसवर उकळेपर्यंत भरून व्हायचा. वरपासून खालपर्यंत "नाही". आई हयात आहे का? नाही. मृत्यूचं कारण? कावीळ. बारा वर्षं मी हेच लिहीत आले.

ओवा, जिरं, चालणं

त्या हिवाळ्यात माझं पोट जड राहायला लागलं. दोन घासांत पोट भरायचं. जेवण कमी झालं आणि परकराची नाडी मात्र अपुरी पडायला लागली. दुचाकीवरून गावं फिरताना लघवीसाठी मध्ये दोनदा थांबावं लागायचं. मी अठ्ठेचाळीस वर्षांची, पाळी वर्षभर मागेपुढे होत होती, म्हणून सगळं तिच्यावर ढकललं. वहीत उपायांची यादी केली: ओवा, जिरं, रात्री डाळ नाही, संध्याकाळी दोन किलोमीटर चालणं. रोज समोर बरोबरची खूण. तीन महिन्यांच्या खुणा आहेत त्या वहीत. पोट कमी झालं का, हा रकानाच मी केला नव्हता.

महिन्याच्या मीटिंगला जैनी चहाचा कप घेऊन जवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, यंदा तुमचा फार्म मी भरू का? तुमचं पोट बराबर दिसून नाई राह्यलं."

वीस जणी बसल्या होत्या. मी मोठ्याने म्हटलं, "जैनी, तुझ्या भागातली चौदा घरं राहिलीत. आधी त्यांची पोटं बघ. माझं माझ्याजवळ राहू दे."

सगळ्या हसल्या. जैनीही हसली आणि जागेवर जाऊन आपले फॉर्म लावत बसली.

याच जैनीने आदल्या वर्षी तिच्या माहेरच्या गावातल्या एका बाईला तपासणीला आणलं होतं. तिकडे पाळीच्या दिवसांत बाया गावाच्या कडेच्या कुर्मा घरात राहतात. त्या रिवाजाचे हाल मी बघितलेत आणि त्याविरुद्ध बोललेही आहे. पण तिथे बसलेल्या बायांनीच जैनीला सांगितलं होतं की एका म्हातारीची पाळी कधीची बंद झालेली, ती आता पुन्हा यायला लागली आहे. म्हातारी वेळेवर दवाखान्यात पोचली. ही गोष्ट मी प्रत्येक मीटिंगमध्ये उदाहरण म्हणून सांगायचे. त्या झोपडीत एकीचं दुखणं दुसरीला ठाऊक होतं. माझ्या टाइल्स लावलेल्या घरात ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

चंद्रपूर

शेवटी आमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी एका शिबिरात मला धरलं, टेबलावर झोपवलं आणि पोट दाबून पाहिलं. "हा गॅस नाही," एवढंच म्हणाल्या आणि चंद्रपूरसाठी चिठ्ठी लिहिली.

घरी मीटिंगला जाते असं सांगून मी एकटीच बसने गेले. सोनोग्राफी करणारी मुलगी बोलकी होती. आलापल्लीहून आले म्हटल्यावर साग किती उंच असतो, वाघ दिसतो का, असं विचारत होती. मग पोटावर डाव्या बाजूला तिचा हात थांबला आणि तिचं बोलणंही थांबलं. मी कितीतरी बायांना अशा खोलीत नेलं आहे, त्यामुळे त्या गप्प होण्याचा अर्थ मला कळला. पोटावरचा जेल पुसायला तिने दोनऐवजी चार कागद दिले.

स्त्रीरोग डॉक्टरांनी सांगितलं की डाव्या अंडाशयाला मोठी गाठ आहे, रक्त तपासू, पण नागपूरला जाऊन ऑपरेशन करावंच लागेल. मग त्यांनी विचारलं, "घरी कोणाला असं काही?"

"नाही."

"आई?"

"काविळीने गेली."

त्यांनी लिहून घेतलं. उत्तर फार लवकर आलं होतं, पण बाहेर तीसेक बाया बसल्या होत्या आणि त्यांना दुसऱ्यांदा विचारायला वेळ नव्हता.

चंद्रपूर ते आलापल्लीच्या रस्त्यावर गोंडपिपरी लागतं आणि तिथे बस दहा मिनिटं थांबते. माझी मोठी बहीण तिथेच असते, स्टँडमागे पाच मिनिटांवर. मी बल्लारपूरहून फोन केला की ती डबा घेऊन खिडकीखाली येऊन उभी राहते. वर्षानुवर्षांचा नेम आहे. त्या दिवशीही मी सवयीने फोन केला आणि ती कोथिंबिरीची सांबारवडी घेऊन आली.

"झाली काय मीटिंग?"

"झाली."

"वाळली न तू, कुंदे. नुसतं पोट तेवढं पाटलासारखं." ती हसली, मग आपल्या पोटावर हात ठेवून म्हणाली, "माह्यंबी तसंच होऊन राह्यलं. दोन घास खाल्ले का पोट तट्ट. रांधाचं सगळ्यायले आन् उपाशी राहाचं मी."

मांडीवर पर्स होती, पर्समध्ये फाइल, आणि फाइलमध्ये नेमकं हेच लिहिलेलं. मी म्हटलं, "पित्त आहे ताई. ओवा खात जा."

कंडक्टरने घंटी दिली.

कावीळ

आई गेली तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि ताई एकवीसची. ताईचं लग्न गोंडपिपरीला जुळलं होतं. आईचं पोट पाण्याने भरत चाललं, हातपाय काटकुळे झाले. बाबा आणि ताई तिला नागपूरला घेऊन गेले आणि वीस दिवसांनी परत आणलं. बाबांनी गावात सांगितलं, कावीळ झाली. तेवढ्यावर न थांबता त्यांनी कावीळ उतरवणाऱ्यालाही बोलावलं. त्याने आईच्या डोक्यावर मुळ्यांची माळ ठेवली, चुन्याच्या पाण्यात तिचे हात धुतले, पाणी पिवळं झालं आणि शेजारणींनी सुटकेचा श्वास सोडला. आई डोळे मिटून हात धुवून घेत होती. तिला माहीत होतं की नाही, मला अजून सांगता येत नाही. महिन्याभरात ती गेली. ताईचं लग्न ठरल्या तिथीला झालं.

बाबा वारल्यावर त्यांची पेटी आवरताना आईच्या पातळाखाली नागपूरच्या दवाखान्याचा कागद सापडला. मला तेव्हा आशा होऊन दोन वर्षं झाली होती. कागदावरचं इंग्रजी मला वाचता आलं. अंडाशयाचा कॅन्सर.

मी घडी घातली, घरी आणला आणि माझ्या कपाटात साड्यांच्या मागे ठेवला. ताईला सांगितलं नाही. तेव्हा माझी पूर्वा लहान, ताईची मुलगीही लहान. पुढे मुलींची लग्नं व्हायची आहेत, असा विचारही स्पष्ट मनात आला नव्हता. हात घडी घालत गेले एवढंच आठवतं. त्याच आठवड्यात मी कामावर गेले आणि लोकांच्या घरी बसून विचारत राहिले, घरात कोणाला कॅन्सर होता का?

पिशवीचं ऑपरेशन

मुलीच्या बाबांना मी चौथ्या दिवशी सांगितलं. ते वनखात्याच्या आगारात आहेत, लाकडांचं मोजमाप करतात, मुळात कमी बोलतात. त्यांनी फाइल वाचली, समजली नाही, पुन्हा वाचली. मग म्हणाले, "राजुऱ्याच्या पाहुण्यायले पिशवीचं ऑपरेशन सांगू. पूर्वाचं एकदा ठरू दे."

गर्भाशयाची पिशवी काढणं आमच्याकडे दर दुसऱ्या घरात झालेलं असतं, कोणी पुढचं विचारत नाही. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. मला बरं वाटलं. माझ्या बाबांनी केलं तेच मी करत होते, आणि मला ते दिसतही होतं.

नागपूरसाठी बॅगेची यादी एकोणीस वस्तूंची झाली. एवढी तयारी करूनही पहिल्या दिवशी कळलं की वॉर्डात यादीचा काही उपयोग नाही. सकाळी सहाला तापमान, मग झाडू, मग स्टीलच्या पेल्यातला गोड चहा, मग डॉक्टर. डॉक्टरांमागे शिकणारी सात-आठ मुलंमुली. एकेक जण पोट दाबून बघायचा. मी आजवर हजारदा बायांना सांगितलं असेल की लाजू नका, डॉक्टरसमोर कसली लाज. पलंगावर गाऊन वर करून पडल्यावर कळलं की हे बोलणं किती स्वस्त होतं.

धीराच्या गोष्टींत दोन सांगते. ऑपरेशनच्या सकाळी वॉर्डातल्या आयाने माझ्या केसांच्या दोन वेण्या घातल्या, लाल फितीऐवजी बँडेजच्या पट्टीने बांधल्या आणि म्हणाली, "चला बाई, शाळेची बस आली." स्ट्रेचरवर मी हसत आत गेले. दुसरी अशी. नंतरचे पाच दिवस मुलीच्या बाबांनी माझे कपडे वॉर्डामागच्या नळावर बायांच्या रांगेत उभं राहून धुतले. एकाही दिवशी त्यांनी ते घाईने पिळले नाहीत.

ताई चौथ्या दिवशी डबा घेऊन आली. माझ्या पायाशी बसली, पाय दाबत राहिली, वॉर्डातल्या सगळ्यांची चौकशी केली. तिलाही आम्ही पिशवीच सांगितली होती. मी उष्टावून ठेवलेल्या भातातले दोन घास तिने खाल्ले आणि डब्याचं झाकण लावलं. मी पाहिलं. मी आजारी होते, पण आंधळी नव्हते.

आज सांगा

रिपोर्ट आला. कॅन्सर होता, पण एका अंडाशयापुरता. गाठ न फुटता सबंध निघाली होती. पुढच्या औषधांची गरज नव्हती, फक्त ठरलेल्या तारखांना तपासणी. इतकं नशीब फार जणींना मिळत नाही, असं वयस्कर डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी घरच्यांबद्दल विचारलं. मुलीचे बाबा औषधं आणायला गेले होते. मी म्हटलं, कावीळ.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. "किती वर्षांच्या होत्या आई? पोटात पाणी होतं का?"

मी सांगितलं. कागदाचंही सांगितलं. अकरा वर्षं कपाटात होता हेही सांगितलं.

"बहीण आहे?"

"एक. मोठी."

"तिला आज सांगा. उद्यावर टाकू नका. आधी तिची सोनोग्राफी करा. मुलींसाठी रक्ताची एक तपासणी असते, ती आपण नंतर बघू."

मी वहीत लिहिलं: ताई, सोनोग्राफी. समोर खूण करायला चौकोन काढला.

तो चौकोन पाच महिने रिकामा होता. कारणं माझ्याकडे होती. ही गोष्ट फोनवर सांगायची नाही. बसच्या खिडकीतून तर नाहीच. आता तिच्या पुतण्याचं लग्न आहे. आता तेंदूपत्त्याचा हंगाम आहे, घरी कोणी सापडायचं नाही. आता पूर्वाची बैठक आहे. आता रोवणी आहे, ती दिवसभर चिखलात उभी असेल, कशाला घाबरवायचं. प्रत्येक कारण खरं होतं. एखाद्या आशाने अशी कारणं दिली असती तर मी तिला म्हटलं असतं, कारणं नको, तारीख सांग.

त्या पाच महिन्यांत मी तीनदा चंद्रपूरला तपासणीला गेले. जाताना तीन आणि येताना तीन, अशी सहा वेळा बस गोंडपिपरीला थांबली. पहिल्यांदा ताई डबा घेऊन खिडकीशी आली. तिसऱ्यांदा डबा होता, पण ती पंख्याखालच्या बाकावर बसून राहिली आणि मला हाक मारून खाली यायला सांगितलं. "दम लागून राह्यला," म्हणाली. पाचव्यांदा तिच्या ब्लाउजच्या बाह्या दंडावर लोंबत होत्या आणि पदर पोटावरून घट्ट ओढलेला होता. रोवणीने वाळली, मी स्वतःला सांगितलं. सहाव्यांदा मी फोनच केला नाही. बस स्टँडवर उभी होती आणि मी खिडकीची काच लावून घेतली.

जैनीचा फॉर्म

नव्या फेरीच्या फॉर्मचं काम सुरू झालं. एका दुपारी जैनी घरी आली. मी ऑपरेशनची रजा संपवून कामाला लागले होते, पण या वेळी मी भरून आणते असं म्हणण्याआधीच ती ओसरीवर बसली आणि तिने फॉर्म मांडीवर घेतला. माझं खरं दुखणं तिला माहीत होतं. केंद्रात माझी फाइल आली होती आणि जैनीला वाचता येतं. तिने कोणाजवळ शब्द काढला नव्हता.

एकेक प्रश्न विचारत ती शेवटच्या प्रश्नाला आली. घरात कोणाला कॅन्सर?

"मला. लिही."

"आईले?"

"कावीळ."

जैनीने पेन फरशीवर ठेवला. "बाई, तुमीच शिकवलं. उत्तर घाईनं आलं तं पुन्ना विचारा." आणि माझ्याकडे बघत तिने पुन्हा विचारलं, "आईले काय झालतं?"

मी आत जाऊन कपाटातून कागद आणला आणि तिच्यासमोर ठेवला. तिने त्यावरचं पुसटलेलं इंग्रजी वाचायचा प्रयत्न केला, मग मलाच वाचायला लावला. मी वाचला. तिने सावकाश रकाना भरला.

"ताईले सांगतलं?"

मी कागदाची घडी घालायला लागले.

"मंग हा फार्म भरून काय करू मी?" जैनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. मीटिंगमध्ये मी तिच्यावर चढवला होता तसा तर नाहीच. मी तिची माफी मागितली, त्या दिवसाच्या पोटाच्या बोलण्याबद्दल. तिने हात झटकला. "ते जाऊ द्या. सकाळची बस सहाले हाय."

उतरले

सकाळच्या बसने गेले आणि गोंडपिपरीला उतरले. ताई दाराशी खाटेवर बसली होती. रोवणीच्या दिवसांत घरी बसलेली ताई मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. मला बघून म्हणाली, "आज उतरली तं खाली! ड्रायव्हरनं ढकललं का काय?"

मी तिच्या शेजारी बसले. वाक्य मी बसमध्ये पाठ केलं होतं. "ताई, आईला कावीळ नव्हती. कॅन्सर होता, अंडाशयाचा. मलाही तोच झाला होता. तुझी तपासणी करायला पाच महिन्यांपूर्वी सांगितलंय मला."

तिने अंगणाकडे पाहिलं. मग म्हणाली, "आईचं मले माहीत हाय."

नागपूरला आईजवळ तीच होती. डॉक्टरांनी तिच्यासमोर सांगितलं होतं. बाबांनी तिला शपथ घातली, कारण लग्न तिचंच ठरलं होतं. नंतर माझं ठरायचं होतं. "तू लहान होती. मंग तू दवाखान्यातली झाली, मले वाटे हिले सांगतलं तं ही रोज भेत बसंन. मनून नाई सांगतलं." ती हसली, पण ते हसू टिकलं नाही. "दोघी बहिणी लय हुशार. एकच गोष्ट एकमेकीपासून लपवून राह्यलो."

"तुझ्या पोटाचं तुला काही वाटलं नाही?"

"वाटलं न. पण तू मनली पित्त हाय. तू दवाखान्यातली, तुयावर इस्वास ठेवला मी."

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी मी तिला घेऊन चंद्रपूरला गेले. तीच सोनोग्राफीची खोली, तीच मुलगी. या वेळी मला बाहेर बसवलं होतं, पण आतलं बोलणं कधी थांबलं ते दारातून ऐकू आलं.

आता

ताईचा कॅन्सर पोटात पसरलेला होता. आधी औषधं, मग ऑपरेशन, मग पुन्हा औषधं असं ठरलं. पहिलं सगळं झालं आहे, आता शेवटची औषधं चालू आहेत. केस गेले, जिभेची चव गेली, बोलणं तेवढंच राहिलं. वॉर्डातल्या नर्सला ती सुई टोचायच्या आधी सांबारवडीची रीत सांगते, म्हणजे नर्सचं लक्ष तिच्या तोंडाकडे राहतं. पुढचं काय ते डॉक्टर नक्की सांगत नाहीत, आणि आम्ही आता त्यांना खोटं सांगायला लावत नाही.

मी एकदा डॉक्टरांना एकटीने विचारलं की पाच महिने आधी आणली असती तर? ते म्हणाले, सांगता येत नाही, कदाचित तेव्हाही पसरलेला असेल. त्यांनी मला मोकळं करायला म्हटलं असेल. पण कदाचित नसेलही, हे त्याच वाक्यात आहे. ताईलाही सगळं माहीत होतं, हेही खरं. पण ती धान रोवणारी आणि मी फॉर्म भरून घेणारी. प्रश्न विचारायचं काम माझं होतं.

राजुऱ्याच्या पाहुण्यांना आम्ही सांगितलं. मुलीच्या बाबांनीच सांगितलं, मी समोर बसले होते. त्यांनी विचार करून कळवतो म्हटलं आणि दोन महिने झाले, कळवलेलं नाही. पूर्वाने रक्ताच्या तपासणीसाठी नाव दिलं आहे. ताईच्या मुलीनेही. दोघी बरोबर जाणार आहेत.

हे वाचणारीने एवढं करावं. घरातली कोणती बाई कशाने गेली, हे हयात असलेल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारावं. उत्तर झटकन आलं तर पुन्हा विचारावं. आणि दोन घासांत पोट भरायला लागलं, ते तीन आठवडे तसंच राहिलं, तर ओव्याची यादी करू नये.

दर तीन आठवड्यांनी मी आलापल्लीहून बसते आणि गोंडपिपरीला ताई चढते. डबा आता मी करते. परवा तिला खिडकीजवळ बसवलं, बस थांबलेलीच होती. मी हिशेब केला आणि तिला बोलून दाखवला. ऑपरेशननंतर सहा वेळा, दहा-दहा मिनिटं, एक तास होतो. तो सगळा तास तूही इथे होतीस आणि मीही.

ताईने स्कार्फ सारखा केला. "पाचदा मी आली होती," म्हणाली. "सहाव्यांदा तू फोन नाई केला, तरी आली होती. काचेआड दिसली तू मले."

कंडक्टरने घंटी दिली आणि बस सुटली. तिने डबा उघडला, एक वडी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली आणि अर्धी चव नसलेल्या तोंडात टाकून सावकाश चावत राहिली.